पत्रकाची मागची बाजू

बाळंतिणीला भेटायला गेल्यावर तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता?

खरं सांगा. चपला दाराबाहेर काढून, हात धुऊन किंवा न धुताच तुम्ही पलंगाच्या कडेला टेकता, बाळाच्या टोपड्याची नाडी सारखी करता आणि विचारता, "दूध येतंय ना?" आमच्या घरात हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. माझ्या आत्याने विचारला, समोरच्या काकूंनी विचारला, बायकोच्या कंपनीतून आलेल्या मुलींनी विचारला. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आलेल्या माणसाने बाळाचं रडणं ऐकलं आणि पावती फाडता फाडता मला म्हणाला, "दूध कमी पडतंय का, साहेब?" एका बाईच्या शरीरातून काय आणि किती बाहेर येतं याची चौकशी करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, असं मला दर वेळी ओरडून विचारावंसं वाटायचं. मी ओरडलो नाही. तो हक्क सगळ्यांच्या आधी मीच घेऊन ठेवला होता.

मी पत्रकांवर वाढलो. सातपूरच्या कामगार वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत कायम छापखान्यातून आलेले गठ्ठे असायचे. आई आणि तिच्या मैत्रिणी सतरंजीवर गोल करून बसायच्या, कागदाला दोन घड्या घालायच्या आणि घडीवरून नख फिरवायच्या. मला वाचता येण्याआधी घडी घालता येत होती. पत्रक वाटायचीसुद्धा एक पद्धत असते. ते माणसाच्या तोंडासमोर धरायचं नाही, त्याच्या हाताच्या उंचीवर धरायचं, म्हणजे तो चालता चालता घेतो. दहा पावलांवर त्याने टाकून दिलं तर मागे जाऊन उचलायचं, धूळ झटकायची, पुढच्याला द्यायचं. शिफ्ट सुटताना कारखान्याच्या गेटवर मी हे काम मोठ्या माणसांपेक्षा चांगलं करायचो. बुटका होतो, माझा हात बरोबर त्या उंचीवर यायचा.

त्या गठ्ठ्यांमध्ये एक पत्रक डब्याच्या दुधाविरुद्ध होतं. दवाखान्यांच्या भिंतींवर तेव्हा गुबगुबीत बाळांची कॅलेंडरं लावलेली असायची. कंपन्या नव्या आईला आधी घाबरवायच्या, तुझं दूध पुरत नाही असं तिच्या मनात भरवायच्या आणि मग डबा तिच्या हातात द्यायच्या. पाणी गढूळ, बाटली नीट न उकळलेली, डबा चार दिवस जास्त पुरावा म्हणून पावडर कमी. पोरांना जुलाब व्हायचे, काही पोरं जायची. आई आणि तिच्या मैत्रिणींनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दवाखान्यांच्या दारात उभ्या राहून पत्रक वाटायच्या आणि आतून कोणीतरी येऊन त्यांना हाकलायचं. मी हे सगळं आजही मानतो. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

कॉलेजात असताना मी ते पत्रक नव्याने लिहिलं. जुनं पाठपोट होतं, बारीक टायपात, दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. मी ते एका बाजूवर आणलं. मथळा मोठा केला आणि मधोमध एक ओळ टाकली: "आईचं दूध आटत नाही, आटवलं जातं." ती ओळ सुचली तेव्हा मी खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या. पुढे ती भिंतींवर रंगवली गेली, भाषणांत आली, दुसऱ्यांच्या पत्रकांतही गेली. माझ्या नावावर मोठं असं फारसं काही नाही, पण ती ओळ होती.

दीड वर्षापूर्वी आम्हाला मुलगी झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मला मान्य नव्हता. बायकोला सहा महिने लासलगावला पाठवायचं आणि बापाने रविवारी पेढे घेऊन पाहुण्यासारखं जायचं, याला मी सुटका म्हणतो, रिवाज म्हणत नाही. बाळंतपण आमच्याच घरात, पंचवटीत, आणि निम्मं काम माझं, असं मी जाहीर केलं. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. मी बदली माणूस दिला आणि घरी बसलो. बायको अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या विभागात आहे. ती तेव्हा फक्त एवढंच म्हणाली होती, "माझ्या आईला तरी बोलावू या. तिला कळतं यातलं." मी म्हणालो, आपण दोघं करू.

आणि मी केलं, हे सांगितलंच पाहिजे. लंगोट धुतले, वाळत घातले, घड्या केल्या. घडीत आपला हात बसलेला आहे. खिचडी केली, बाळाची शी साफ केली, नाळ पडेपर्यंत श्वास रोखून तिला पुसून घेतलं. पण दूध पाजणं हे एकच काम मला येण्यासारखं नव्हतं आणि नेमका त्याच कामावर मी मुकादम होऊन बसलो.

सुरुवात दवाखान्यातच झाली. बायकोला बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. रक्ताची पिशवी आणायला मीच धावलो होतो. दुसऱ्या दिवशी बाळ रडायचं थांबेना तेव्हा तिथल्या आयाबाईंनी टेबलावर एक डबा आणि बाटली आणून ठेवली. मी त्यांना असं काही सुनावलं की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. आयाबाई डबा घेऊन गेल्या. मला वाटलं, आईने दारात उभं राहून जे केलं ते मी आत जाऊन केलं. मला आनंद झाला होता. बायकोने डोळे मिटून घेतले होते. मी समजलो, तिला झोप लागली.

घरी आल्यावर मी दारावर कागद चिकटवला. ठळक अक्षरांत: "डबा, बाटली, चोखणी आत आणू नये." खाली माझी ती ओळ. येणारे लोक तो कागद वाचायचे, आत यायचे आणि दुप्पट उत्साहाने विचारायचे, दूध येतंय ना? कागदाने प्रश्न थांबला नाही. कागदामुळे घराला विषय मिळाला. बायको भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची, पदर ओढलेला, आणि बाहेरच्या खोलीत मी पाहुण्यांना आईच्या दुधाचे फायदे समजावून सांगत असायचो.

बाळ रडायचं. पाजलं की पंधरा मिनिटांनी पुन्हा रडायचं. बायको दिवसभर एकाच जागी बसून असायची. तिची स्तनाग्रं फुटली होती. एकदा दुपट्यावर रक्ताचा डाग दिसला आणि बाळाचं आहे असं वाटून मी घाबरलो. तिचं आहे असं कळल्यावर मी घाबरायचं थांबलो, हेही लिहून ठेवतो. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हणालो, सुरुवातीला असंच असतं, मी वाचलंय. तिच्या हाताशी पाणी ठेवलं आणि पाण्याच्या शेजारी पत्रक ठेवलं. तिला धीर यावा म्हणून ठेवलं, खरंच.

तिने ते वाचलं. मधली ओळ दोनदा वाचली असावी, कारण तिची नजर बराच वेळ तिथेच होती.

"माझं कोणी आटवलं?" ती म्हणाली. "नाव सांग. एवढं लिहिलंयस तर नाव सांग."

मी उत्तर दिलं. म्हणालो, व्यवस्था, जाहिराती, मनात बसवलेली भीती. बाळंतीण झालेल्या बाईला मी व्यवस्था समजावून सांगितली. तिने पत्रकाची घडी घातली, माझ्यापेक्षा सुबक, आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. मला ते थकव्याचं बोलणं वाटलं. थकलेल्या माणसाच्या बोलण्याला मुद्दा म्हणायचं नसतं असं कोणी मला शिकवलं नव्हतं, उलटंच शिकवलं होतं. गेटवरचा थकलेला माणूस बोलला की आई वही काढायची. माझ्या घरात मी वही काढली नाही.

बाराव्या दिवशी सासूबाई आल्या. मी बोलावलं नव्हतं. बायकोने फोन केला होता आणि मला सांगितलं नव्हतं. माझ्या सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो, वीस-बावीस वर्षं लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायच्या. पुस्तकाशी त्यांचा फार संबंध नाही, पण अक्षरं जोडून वाचता येतं. डोक्यावर पिशवी, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, अशा त्या दारात उभ्या राहिल्या आणि कागद मोठ्याने वाचू लागल्या. डबा, बाटली, चोखणी, आत आणू नये. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लाडवाचा डबा चालंल ना, जावईबापू? का हितंच जिन्यात बसून खाऊ?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आल्या आल्या त्या कामाला लागल्या. अळिवाची खीर केली, शेपूची भाजी केली, लेकीच्या पाठीला तेल लावलं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना मात्र त्या बाळाच्या मांड्या चिमटीत धरून बघायच्या, जसा कांदा दाबून बघतात. चौदाव्या दिवशी त्यांनी विचारलं, जन्मताना वजन किती होतं? दोन किलो आठशे, मी म्हणालो. आता किती? मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, वजनाचं एवढं मनावर घ्यायचं नसतं, बाळ लहान आहे, तब्येत बरी आहे. मामी म्हणाल्या, "मग काट्यावर ठिवू. आधी काटा, मग आपण भांडू."

घरात काटा नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला बसतो, त्याच्याकडे आकडे दाखवणारा काटा आहे. मामींनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि थेट खाली उतरल्या. मी मागे धावलो. रस्त्यावर बाळ भाजीच्या काट्यावर ठेवणार, लोक काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात आला हे कबूल करतो. लोक काय म्हणतील याच्या विरुद्धही मी एक पत्रक लिहिलेलं आहे.

भाजीवाला मजेत होता. त्याने मेथीच्या जुड्या बाजूला केल्या, काट्याचं ताट फडक्याने पुसलं आणि विचारलं, "काय भावाने लावू, काकू?"

"इकायची नाय," मामी म्हणाल्या. "मोजायचीय."

शेजारी उभ्या बाया हसल्या. बाळ काट्यावर आलं. आकडे हलले आणि थांबले. दोन किलो पाचशे पंच्याऐंशी. मामींनी जन्माचं वजन सांगितलं तेव्हा भाजीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो हळू आवाजात म्हणाला, "हे दुपटं धरून आहे, काकू." मामींनी बाळाला उचलून छातीशी घेतलं आणि दुपटं एकटं काट्यावर ठेवलं. पंच्याण्णव ग्रॅम.

वजाबाकी सगळ्यांनी मनात केली. एक बाई पिशवी उचलून निघून गेली. भाजीवाल्याने मेथी परत ताटावर ठेवली नाही, तसाच उभा राहिला. आई-बापाच्या हातात पंधरवडाभर असलेली पोरगी जन्माला आली त्यापेक्षा तीनशे ग्रॅमने कमी भरली होती.

जिन्यात मामी थांबल्या. त्यांना दम लागला होता. आमच्या दारासमोरच थांबल्या, तो कागद त्यांच्या डोक्याच्या उंचीवर होता.

"तुमच्या कागदाला भूक लागत नाय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "हिला लागती."

बालरोगतज्ज्ञ बाईंचा दवाखाना द्वारका चौकाच्या पलीकडे. आम्ही रिक्षा केली आणि चौकातच अडकलो. पुढे ट्रक, मागे बस, रिक्षावाला इंजिन बंद करून खाली उतरला. बाळ रडत नव्हतं. चौदा दिवसांत पहिल्यांदा एवढा वेळ ते रडत नव्हतं. मला बरं वाटलं. मग मी बायकोकडे पाहिलं. ती बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होती. बाळ डोळे उघडायचं आणि मिटायचं. तेव्हा मला कळलं की ही शांतता चांगली नाही. मला उशिरा कळलं, तिला आठवडाभर कळत होतं.

डॉक्टर बाईंनी बाळाला तपासलं, पुन्हा वजन केलं, रक्त काढायला पाठवलं. मग विचारलं, दिवसाला किती लंगोट ओले होतात? हे उत्तर मला येत होतं, लंगोट मीच धुत होतो. तीन, कधी चार, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, या वयात निदान सहा तरी व्हायला हवेत.

मला आठवलं, पाहुण्यांना मी काय सांगत होतो. लोक उगाच बाऊ करतात, बाळाचे कपडे धुणं काही एवढं मोठं काम नाही. दोरी अर्धी रिकामी असायची. ती का रिकामी आहे, हे मला कळायला हवं होतं.

"तुम्ही किती तास झोपता?" डॉक्टर बाईंनी विचारलं. मी म्हणालो, तशी ती मधून मधून झोपते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना विचारलंय."

बायको बोटांवर मोजायला लागली. आठवत होती बहुधा. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली, आवाज न करता. चौदा दिवसांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. दुधाचा सगळ्यांनी विचारला होता.

मग डॉक्टर बाईंनी बाळंतपणाच्या दवाखान्याचं कार्ड मागितलं. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून आणलं होतं, कागद जपायची मला सवय आहे. त्यांनी पुढचं पान वाचलं, कार्ड उलटलं आणि मागचं वाचून माझ्यासमोर धरलं. मागे पेनाने लिहिलेलं होतं: रक्तस्राव जास्त, दूध उशिरा किंवा कमी येऊ शकतं, पाचव्या दिवशी बाळाचं वजन करून दाखवणे.

मी कार्ड उलटून पाहिलंच नव्हतं.

बाळाला भरती करावं लागलं नाही. दोन दिवस उशीर झाला असता तर लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. दर वेळी आधी अंगावर पाजा, मग वाटी-चमच्याने डब्याचं द्या, रोज वजन करा, आईला खाऊ द्या आणि झोपू द्या. दूध वाढेल, कदाचित पूर्ण पुरेल, कदाचित नाही. त्यांच्या आवाजात कसलाही आरोप नव्हता. मला आरोप हवा होता, म्हणजे मला बाजू मांडता आली असती.

डबा आणायला मी गेलो. औषधांच्या दुकानात मी डॉक्टर बाईंची चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवला आणि मी म्हणालो, काळ्या पिशवीत द्या. सॅनिटरी पॅड काळ्या पिशवीत का देता, म्हणून ज्या माणसाने शहरातल्या दुकानदारांशी वाद घातले तो मी. घरी जाऊन डबा काढला तेव्हा त्याच्यावर ठळक अक्षरात छापलेलं होतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे. हे वाक्य कंपन्यांनी हौसेने छापलेलं नाही. आईसारख्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा कुठे ते डब्यावर छापणं भाग पडलं. आता ते वाक्य माझ्या ओट्यावर होतं, माझ्या मुलीच्या वाटीशेजारी, आणि मला ते खरवडून टाकावंसं वाटत होतं.

मामींनी पाणी उकळलं. मी पावडर मोजली, चमचा सपाट करून, पत्रकात लिहिलेली सगळी काळजी घेऊन. बायकोने पाजलं, मग मी चमच्याने दिलं. बाळाने वाटी संपवली आणि तोंड उघडं ठेवून अजून मागितलं. बायको भिंतीकडे वळून झोपली. दुपारी साडेबाराला झोपली ती पाच वाजता उठली. मध्ये दोनदा दाराची बेल वाजली. मामींनी दार एवढंसं उघडून सांगितलं, नंतर या.

रविवारी माझी आई येणार होती. तिला हे कसं सांगायचं या विचाराने मी दोन दिवस बेचैन होतो. ती आली तेव्हा मी डबा पोह्यांच्या डब्यामागे लपवला. तिने वाटी-चमचा पाहिला आणि दोन्ही स्वच्छ घासून उकळायला ठेवली. मग मीच सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. मी तिच्यावरच चिडलो होतो. म्हणालो, तुम्ही बायका एवढं लिहीत होता, दूध कमी येणाऱ्या बाईचा विचार एकीलाही सुचला नाही?

आई गॅसजवळ उभी होती. ती वळली नाही.

"मागच्या बाजूला होतं," ती म्हणाली. "तू नवीन पत्रक आणलंस तेव्हा मी विचारलं होतं, मागची बाजू कुठे गेली. तू म्हणालास, मागची बाजू कोणी वाचत नाही."

मला आठवलं. मी तसंच म्हणालो होतो. मी असंही म्हणालो होतो की त्या मजकुराने मागणीची धार कमी होते.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर सातपूरला गेलो आणि फायलीतून जुना कागद काढला. घड्यांवर पिवळा पडलेला, मागच्या बाजूला शाई थोडी फुटलेली. तळाला चौकटीत मजकूर होता: "एखाद्या बहिणीला दूध कमी येतं. आजारपण, रक्त जाणं, अन्न नसणं, झोप नसणं, अशी कारणं असतात. तिला बोल लावू नका. बाळाचं वजन करा. डॉक्टर सांगतील ते द्या, पण उकळलेल्या पाण्यात आणि वाटी-चमच्याने द्या. बहिणीला आधी झोपू द्या." आई म्हणाली, या चौकटीसाठी दोन बैठका झाल्या होत्या. त्यांच्यातल्या एका बाईचं बाळ गेलं होतं. तिने हट्ट धरला होता की हे नसेल तर मी पत्रक वाटणार नाही. तिच्यासाठी कागद पाठपोट छापला, खर्च वाढला तरी.

त्या बाईचं मी एका दुपारी संपादन केलं होतं.

दारावरचा कागद मी त्याच दिवशी काढला. खळ पक्की होती, कागदाबरोबर रंगही निघाला. तो चौकोन अजून तसाच आहे, भाड्याच्या घराला आम्ही रंग लावणार नाही. मुलगी आता पळते, भिंतींवर खडूने रेघा ओढते, तिचं वजन हा घरातला विषय राहिलेला नाही. बायकोचं दूध पुढे वाढलं, पण पूर्ण कधीच पुरलं नाही. चौथ्या महिन्यापर्यंत डबा चालू होता. लोकांचे प्रश्न बदलले. डबा लावला? इतक्या लवकर? हल्लीच्या मुलींना फिगर सांभाळायची असते. हे माझ्यासमोर म्हणणाऱ्यांना मी तोडून बोललो. पण तिला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त शिकून-सवरून बोल कोणी लावला होता, ते आम्हा दोघांना माहीत आहे. ती मला त्यावरून कधी टोमणा मारत नाही. मारला असता तर सोपं झालं असतं. मी काही नवीन लिहिलं की ती एवढंच विचारते, "ज्यांच्यावर लिहिलंयस त्यांना दाखवलंस का?"

हे तिला दाखवलं आहे. तिने तीन वाक्यं काढायला लावली. त्यांत मी स्वतःला फार सुंदर दोष दिला होता, म्हणून. मामींना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, भाजीवाल्याचं बरोबर लिवलंय. शेवटी मी कंपन्यांबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. ते खरे आहेत आणि मी ते दुसरीकडे छापणार आहे. इथे बायको म्हणाली, शेवटी मला एक जागा दे, मला लोकांना एक गोष्ट सांगायची आहे. म्हणून शेवटची विनंती तिची आहे, मी फक्त लिहून घेतली.

पुढच्या वेळी बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा दुधाचं विचारू नका. तिला विचारा, कधी झोपलीस. तिला विचारा, नवऱ्याला नको. ती आठवत बसली तर घाई करू नका, आणि उत्तर मिळालं की उठून बाळाला घ्या, खोलीचं दार ओढून घ्या आणि ती जागी होईपर्यंत दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, नंतर या.